कोल्हापुरात दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कशी गाठायची

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. नाव लिहीत नाही. मीटिंगमध्ये कोण दिसलं, काय ऐकलं ते बाहेर न्यायचं नाही आणि स्वतःचं नावही छापायचं नाही, हा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा म्हणजे एएचा रिवाज आहे. माझी दारू बंद होऊन नऊ वर्षं झाली.

आधी जिवाचं बघा. रोज पिणाऱ्यानं आपल्या मनानं एकदम बंद करू नये. मी दर वर्षी गटारीला भरपूर प्यायचो आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचो. मला सोडता येते, हे घरच्यांना दाखवायचं असायचं. शेवटच्या श्रावणात तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग चढताना दिसायला लागली. बायको म्हणाली, अहो, कुठं काय आहे? अंग घामानं भिजलेलं, हात थांबत नव्हते. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो. म्हणून सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि रोज किती पिता ते खरं सांगा. मीटिंगमध्ये डॉक्टर नसतो, गोळी मिळत नाही. आणि घरच्यांना हात जोडून सांगतो, चहातून गुपचूप पावडर देऊ नका. त्यात डायसल्फिरामसारखं दारू सोडवायचं औषध असलं आणि वर दारू पडली, तर जिवावर बेतू शकतं.

आता पत्ता. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे, तिथं विचारा. एए इंडियाच्या वेबसाइटवर गावागावांतल्या मीटिंगची माहिती असते. व्यसनमुक्ती केंद्रात किंवा डॉक्टरांकडेही विचारता येतं. जागा आणि वार बदलतात, म्हणून जायच्या आधी फोन कराच. फोन उचलणारा बहुतेक कधीकाळी पिणाराच असतो, त्याला लाजायचं कारण नाही. त्याला विचारा: मीटिंग मराठीतून आहे का, दार नेमकं कुठल्या बाजूला, आणि ओपन आहे की क्लोज्ड? क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. ओपनला बायको, भाऊ, कुणीही बसू शकतं. जमलं तर म्हणा, "मला कोपऱ्यावर घ्यायला या." येतात. माझ्यासाठी एक काका सायकल धरून वीस मिनिटं उभे होते.

बरेच जण इथंच अडतात. कोल्हापूर केवढं? पेठेतला कुणी बघितला तर? तालमीत कळलं तर? म्हणून इचलकरंजीला नाहीतर सांगलीला जातो म्हणतात. मीही दोन महिने सांगलीला गेलो. पण तल्लफ येते संध्याकाळी सातला, काम सुटल्यावर, आणि त्या वेळी सांगलीची एसटी कोण पकडतो? माझं ठाम मत आहे, घरापासून चालत किंवा केएमटीच्या बसनं जाता येईल अशीच मीटिंग धरा. खोलीत ओळखीचा दिसलाच तर तो तुमच्यासारखाच तिथं आलेला असतो. मला माझ्याच गल्लीतला एक जण भेटला. आम्ही दोघंही खाली बघत बसलो आणि नंतर चालत एकत्र घरी आलो.

आत तास-दीड तास बसायचं असतं. सुरुवातीला प्रार्थना, मग एकेक जण आपलं सांगतो: किती प्यायलो, काय गमावलं, आज कसा आहे. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली आणि बोलायचं नसलं तर "मी आज ऐकतो" एवढं पुरे. देवावर विश्वास आहे का, कुणी तपासत नाही. सोडायची इच्छा, एवढीच अट. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, नव्या माणसानं त्यात काही टाकायची गरज नाही. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. आजही तेच चालतं, एक पिणारा दुसऱ्याशी बोलतो.

संपल्या संपल्या पळू नका. चहाला थांबा, खरी ओळख तिथं होते. पहिल्या दिवशी माझे हात इतके थरथरत होते की कामावरचं मापाचं हत्यार, व्हर्नियर, धरता येत नव्हता, मग कप कसा धरणार? त्या काकांनी मला अर्धाच कप चहा दिला. काही विचारलं नाही, बोललेही नाहीत. तेवढा न सांडता प्यालो. मग त्यांनी उरलेला अर्धा ओतला. दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि तल्लफ आली की प्यायच्या आधी फोन करा. नंतर फोन करून रडण्यापेक्षा ते सोपं जातं.

एका मीटिंगवरून ठरवू नका, पाच-सहा तरी करा. घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं असतं, बायकोला तिकडं पाठवा. तुम्ही थांबलात म्हणून तिची भीती थांबत नाही.

मध्ये स्लिप झाली, पुन्हा प्यायलात, तर दुसऱ्याच संध्याकाळी त्याच खोलीत या. प्यायलेले असलात तरी या. आम्ही फक्त एवढंच म्हणतो, आज बोलू नका, ऐका.