इलिनॉयचा कायदा कोणी आणला? कलमाच्या तळाशी बघा

मी शिकागोजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयात संदर्भ विभागात बसते. "हा कायदा आला कुठून?" असं कोणी विचारलं की मी त्यांना आधी कलमाची शेवटची ओळ वाचायला लावते. मजकूर नंतर.

इलिनॉयचे कायदे विधिमंडळाच्या आयएलजीए डॉट गव्ह या साइटवर फुकट वाचता येतात. तिथे माहिती अधिकाराचा कायदा उघडा: '५ आयएलसीएस १४०', म्हणजे राज्याच्या कायद्यांच्या एकत्रित संग्रहातल्या (आयएलसीएस) पाचव्या प्रकरणातला १४० क्रमांकाचा कायदा. त्यातल्या काही कलमांखाली कंसात दिसेल, 'पी.ए. ९६-५४२, १-१-१०'. पी.ए. म्हणजे पब्लिक ॲक्ट. ९६ म्हणजे ९६वं विधिमंडळ, २००९-१० चं. शेवटची तारीख अंमल सुरू झाल्याची.

हा क्रमांक धरून त्याच साइटवर मूळ विधेयकापर्यंत जाता येतं. इथे ते सिनेटचं १८९ क्रमांकाचं विधेयक. कोणी मांडलं, मतदान कधी झालं, सही कधी, सगळं ओळीने लिहिलेलं असतं. सही पॅट क्विन यांची, ऑगस्ट २००९. त्याच वर्षी जानेवारीत त्यांच्या आधीचे गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून महाभियोग चालवून पदावरून काढलं होतं. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की पारदर्शकतेची एवढी घाई का झाली, हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. त्याहून खोलात जायचं असेल तर दोन्ही सभागृहांतल्या चर्चा १९७१पासून शब्दशः उपलब्ध आहेत. कंटाळवाण्या असतात, पण आमदाराच्या मनात काय होतं ते तिथेच कळतं.

जुन्या निकालात 'चॅप्टर ३८' असं काही दिसलं तर गोंधळू नका. ती १९९३च्या आधीची मांडणी. तेव्हाची फौजदारी संहिता आता '७२० आयएलसीएस ५' मध्ये आहे.

गव्हर्नरांची यादी लागते ती बहुधा मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी. १८१८ सालच्या शॅड्रक बाँडपासूनची नावं राज्याच्या 'ब्लू बुक' या अधिकृत माहितीपुस्तकात मिळतात. पण नुसत्या यादीवर थांबू नका, नकाराधिकाराचे संदेश वाचा. १९४९मध्ये मोकाट मांजरांना आवर घालणारं विधेयक अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी परत पाठवलं. थोडंफार एकट्याने हिंडणं हा मांजराचा स्वभावच, असं त्यांनी चक्क अधिकृत पत्रात लिहिलं! माणूस कसा होता हे अशा कागदातून जितकं कळतं तितकं चरित्राच्या परिच्छेदातून कळत नाही.

जुने मूळ कागद स्प्रिंगफील्डला, राज्य अभिलेखागाराच्या मार्गारेट क्रॉस नॉर्टन इमारतीत. मात्र काउंटीच्या कोर्टाचे किंवा वारसाहक्काचे जुने कागद हवे असतील तर लगेच गाडी काढू नका. त्यातले बरेचसे राज्यातल्या विद्यापीठांमधल्या विभागीय संग्रहांत ठेवलेले असतात. आधी फोन करून विचारा.

अलीकडचा कागद हवा असेल तर ज्या कार्यालयात तो आहे तिथेच वर सांगितलेल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली लेखी अर्ज करा. साधा ईमेल चालतो. धंद्यासाठी मागत नसाल तर कारण सांगायची गरज नाही. "रस्त्याबद्दलचं सगळं द्या" असं लिहाल तर अर्ज फार मोठा आहे म्हणून परत येईल. कोणता करार, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, एवढं नेमकं लिहा. उत्तराची मुदत कामाचे ५ दिवस, आणखी ५ दिवस ते वाढवून घेऊ शकतात. साध्या आकाराची पहिली ५० काळी-पांढरी पानं मोफत, पुढे पानाला जास्तीत जास्त १५ सेंट.

मुदतीत उत्तरच आलं नाही तर तोही नकारच धरला जातो. मग अॅटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) कार्यालयातल्या पब्लिक अॅक्सेस काउन्सेलरकडे, म्हणजे अशा तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ६० दिवसांच्या आत दाद मागा. सोबत मूळ अर्जाची, आणि उत्तर आलं असेल तर त्याचीही, प्रत जोडा.