टोक्योत रात्रभर खात-पीत फिरायचं असेल तर

टोक्योत रात्रीचं जेवण एकाच टेबलावर उरकायचं नसतं, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. तिथले लोक एका ठिकाणी दोन पदार्थ आणि एक ड्रिंक घेतात, उठतात, पुढच्या गल्लीत दुसरीकडे बसतात, तिथून तिसरीकडे, आणि ह्या प्रकाराला ते हाशिगो म्हणतात, म्हणजे शिडी. एकेक पायरी चढत जायचं. आपल्याला सवय असते बसलो की सूपपासून गोडापर्यंत सगळं तिथेच मागवायची, मग साडेआठलाच पोट गच्च होतं आणि उरलेली रात्र नुसते दिवे बघत फिरावं लागतं. मी पहिल्या ट्रिपला नेमकं हेच केलं आणि तीन रात्री वाया घालवल्या, म्हणून हे सगळं एवढं सविस्तर लिहितोय.

शिडी आखायची ती उलटी, म्हणजे आधी शेवटची ट्रेन बघायची. टोक्योत ट्रेन रात्रभर चालत नाहीत, साधारण बारा ते एकच्या मध्ये बंद होतात आणि पहाटे पाचच्या आसपास पुन्हा सुरू होतात. टॅक्सीचं मीटर ५०० येनला पडतं, त्यात जेमतेम एक किलोमीटर होतं, आणि रात्री १० ते पहाटे ५ वीस टक्के जादा. लांबचं हॉटेल असेल तर टॅक्सीच्या पैशात अजून एक अख्खी रात्र खाऊन होईल. तेव्हा संध्याकाळी निघतानाच ठरवून टाका, आज शेवटच्या ट्रेनने परतायचं की पहाटेच्या पहिल्या ट्रेनने. मधलं काही नाही. दोन्ही नको असेल तर शिंजुकू, उएनो नाहीतर असाकुसा अशा भागात हॉटेल घ्या जिथून चालत परत येता येईल, रूम लहान मिळाली तरी चालेल पण चालत येता आलं पाहिजे.

सुरुवात पाचला करा. जेवणाची बरीच हॉटेलं दुपारी दोन-अडीच ते पाच बंद असतात, आणि पाचला दारावर कापडी पडदा लागतो, त्याला नोरेन म्हणतात. पडदा बाहेर लटकतोय म्हणजे उघडं, आत घेतलाय म्हणजे बंद, पाटी वाचता येत नसली तरी एवढं कळलं की पुरे. लाल कागदी कंदील दिसला की समजायचं इथे पिणं आणि चाखणा दोन्ही मिळेल, ही इझाकाया. आणि फक्त रस्त्यावरच बघू नका, तिथल्या बिल्डिंगना बाहेरून उभ्या पाट्यांची रांग असते, प्रत्येक मजल्यावर वेगळं हॉटेल, पाचव्या मजल्यावरचं कधीकधी खालच्यापेक्षा कितीतरी भारी निघतं. रेटिंग बघत असाल तर ताबेलॉग नावाच्या जपानी साइटवर ३.५ म्हणजे खूपच चांगलं धरतात, तिथले लोक पाचपैकी पाच सहसा देत नाहीत, त्यामुळे ३.२ बघून नाक मुरडू नका.

आत शिरलं की बोटांनी किती जण ते दाखवायचं. बसल्यावर ओलं फडकं मिळतं, ते हात पुसायला, तोंड-मान पुसायला नाही. मग न मागता एक छोटी वाटी समोर येते, कधी भाजी, कधी मासा, तिला ओतोशी म्हणतात आणि ती फुकट नसते, माणशी साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात. फसवलं म्हणून वाद घालू नका, ते बसायचं भाडंच समजा, आणि म्हणूनच चार पायऱ्यांपेक्षा जास्त चढू नका, नाहीतर वाट्यांचेच दोन हजार येन होतात. वेटर आपणहून येत नाही, सुमिमासेन म्हणून हाक मारायची, आणि जरा मोठ्याने, लाजून बारीक आवाजात म्हटलं तर कुणाला ऐकू जात नाही. काय घ्यावं सुचत नसेल तर ओसुसुमे वा एवढं विचारा, म्हणजे तुमचं खास काय. बिल हवं असेल तर दोन तर्जन्यांची फुली करून दाखवली तरी कळतं. टिप ठेवायची नाही, अजिबात नाही, ठेवलीत तर विसरलात म्हणून मागे पळत आणून देतील. आणि खिशात रोख येन असूद्या, लहान बारमध्ये कार्ड बऱ्याचदा चालत नाही, सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमवर परदेशी कार्डाने पैसे निघतात.

पहिल्या पायरीला माझं मत त्सुकिशिमाला. तिथे एक अख्खी गल्ली मोंजायाकीची आहे आणि मोंजा हा टोक्योचाच पदार्थ. टेबलात लोखंडी तवा बसवलेला असतो आणि वाडग्यात कोबी, मासे किंवा काय मागवलं असेल ते आणि पिठाचं एकदम पातळ पाणी येतं. वाडगा तव्यावर सरळ उपडा करायचा नाही, माझं पहिल्यांदा तेच झालं आणि सगळं पाणी टेबलाच्या कडेपर्यंत पळालं. तिथल्या काकूंनी काही न बोलता माझ्या हातातली उलथनी घेतली आणि करून दाखवलं. पाणी वाडग्यातच ठेवून आधी फक्त कोबी वगैरे तव्यावर घ्यायचं, दोन उलथन्यांनी टकटक करत बारीक चिरत परतायचं, मऊ झालं की मध्ये जागा करून गोल बांध घालायचा, अगदी आपण आमटीसाठी भाताला आळं करतो तसं, आणि त्या आळ्यात पाणी थोडं थोडं ओतायचं. ते रटरटून घट्ट व्हायला लागलं की बांध मोडून सगळं एकत्र करायचं आणि तव्यावर पातळ पसरायचं. मग बोटाएवढ्या उलथनीने कडेचा तुकडा तव्यावर दाबायचा, खालून खरपूस होऊ द्यायचा आणि तिनेच खायचा. वरून दिसायला चांगलं नसतं हे खरं, पण ती तव्याला धरलेली खरवड जी लागते ना, तिच्यासाठी मी परत परत जातो. मेन्ताइको म्हणजे तिखट माशाची अंडी, मोची म्हणजे चिकट तांदळाची वडी, आणि चीज हे कॉम्बिनेशन पहिल्यांदा घ्या.

दुसरी पायरी असाकुसा. सेन्सोजी देवळाच्या पश्चिमेला होप्पी गल्ली आहे, रस्त्यावर मांडलेली टेबलं, मोठ्या कढईत शिजत असलेलं आतड्यांचं किंवा बीफचं निकोमी, म्हणजे रटरटवलेला रस्सा. होप्पी हे १९४८ पासूनचं पेय, बिअरसारखं दिसतं पण अल्कोहोल जेमतेम ०.८ टक्के, ते शोचू नावाच्या दारूत मिसळून पितात. इथे एक शब्द कामाचा आहे. होप्पीची बाटली म्हणजे सोतो, बाहेरचं, आणि ग्लासातली शोचू म्हणजे नाका, आतलं. ग्लास संपला आणि बाटलीत उरलंय तर फक्त नाका मागायचं, स्वस्त पडतं. पण सांभाळून, कारण चव बिअरची आणि आत शोचू, दुसऱ्या नाकानंतर पाणी मागा. जवळच कामिया बार आहे, १८८० पासूनचा, तिथलं देन्की ब्रान म्हणजे वीज ब्रँडी, एक छोटा ग्लास घ्या आणि निघा.

आता विचित्र खाण्याचं. नात्तो सगळ्यांना माहीत असतं, आंबवलेलं सोयाबीन, उचललं की तार सुटते. ते आधी भरपूर घोटायचं, मग सॉस आणि मोहरी, मग गरम भातावर, नुसतं चमच्याने तोंडात टाकलं तर आवडणारच नाही. शिराको म्हणजे कॉड माशाचं वीर्य, हिवाळ्यात मिळतं, दिसायला मेंदूसारखं, लागायला एकदम साय. कच्चं नको वाटलं तर तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळून मागवा. बासाशी म्हणजे घोड्याचं कच्चं मांस, आलं-लसूण आणि गोडसर सोया सॉसबरोबर, वास जवळपास नाही. आणि कुसाया. ही खरी टोक्योची खासियत, कारण ती इझू बेटांवरची आणि ती बेटं टोक्यो प्रशासनाखालीच येतात. मासा चिरून खारवणीत बुडवतात, ते पाणी टाकून देत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरत राहतात, मग मासा वाळवतात. भाजायला लागले की बाजूची दोन टेबलं मागे वळून बघतात. ज्याने लहानपणापासून सुके बोंबील भाजलेले खाल्लेत त्याने घाबरू नये, वास डोक्यात जातो पण चव त्या मानाने सौम्य आणि खोल असते. अर्धाच मागवा, अर्धी प्लेट मिळते का विचारा, आणि शोचूबरोबर खा.

फुगू म्हणजे विषारी फुगणारा मासा, त्याची भीती बाळगू नका पण नियम माहीत असूद्या. विष मुख्यतः यकृतात आणि अंडाशयात असतं, शिजवून जात नाही, त्यावर उतारा नाही, आणि १९७५ मध्ये क्योतोत बांदो मित्सुगोरो आठवे हे काबुकी या पारंपरिक जपानी नाटकाचे मोठे नट यकृत मागून खाल्ल्यामुळेच गेले. आता फुगूचं यकृत विकणं बंद आहे आणि तो कापायला परवाना लागतो. परवानाधारक हॉटेलात जा आणि खुशाल खा. मला खरी काळजी कच्च्या चिकनची वाटते. बीफचं कच्चं यकृत २०१२ पासून आणि कच्चं पोर्क २०१५ पासून बंद आहे, चिकनवर तशी बंदी नाही म्हणून ते काही ठिकाणी मेन्यूवर असतं, पण कँपिलोबॅक्टर नावाच्या जंतूचा संसर्ग होतो त्याने आणि आख्खी ट्रिप हॉटेलच्या बाथरूममध्ये जाते. कितीही ताजं आहे सांगितलं तरी नको म्हणा.

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा. मांस नको म्हटलं की तिथे मासा चालतो असंच धरतात, आणि मासा दिसला नाही तरी दाशीत असतो. दाशी म्हणजे बोनिटो मासा वाळवून केलेला स्टॉक, तो भाजीत, सोबा नूडल्सच्या सॉसमध्ये, अंड्याच्या रोलमध्ये, मोंजाच्या त्या पाण्यातसुद्धा. तेव्हा नुसतं निकु नाशी, म्हणजे मांस नको, म्हणून भागत नाही, साकाना नाशी म्हणजे मासा नको आणि दाशी नाशी हेही म्हणा, आणि मोबाईलवर जपानीत लिहून दाखवा. बौद्ध भिक्षूंचं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी असतं पण ते बहुतेक आधी बुक करावं लागतं. टोक्यो स्टेशनच्या आत टीझ तानतान आहे, तिथे व्हीगन रामेन, म्हणजे सूपमधल्या नूडल्स, मात्र तिकीट काढून गेटच्या आत जावं लागतं. इझाकायात मीठ लावलेल्या एदामामेच्या, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा आणि भाजलेली ढोबळी मिरची सहज मिळते, पण मिरचीवर बोनिटोचा कीस नको हे आधीच सांगा.

दहानंतर शिंजुकू. गोल्डन गाईत सहा बोळ आणि दोनशेच्या वर बार, एकेका बारमध्ये सहा-आठ खुर्च्या. इथे चौघांनी एकत्र जाऊ नका. आम्ही चौघे गेलो होतो, सात दारांतून परत पाठवलं, रागावून नाही, जागाच नव्हती. मग दोन-दोन झालो आणि लगेच बसलो. दारावर कव्हर चार्ज लिहिलेला असतो, बहुतेक ५०० ते १,५०० येन, तो बघूनच आत पाऊल टाका. न विचारता बोळात फोटो काढू नका. नेहमीची गिऱ्हाइकं मालकाशी गप्पा मारायला येतात, तुम्हीही मारा, तोडक्यामोडक्या भाषेत चालतं, पण एका ड्रिंकवर दोन तास खुर्ची अडवू नका. इतक्या लहान बारमध्ये अजूनही सिगारेट ओढतात, धूर सहन होत नसेल तर हा भाग सोडा.

तिथून काबुकिचो हा बार-क्लबांचा भाग दोन मिनिटांवर, आणि इथे एकच नियम आहे, रस्त्यावर जो माणूस आत चला म्हणतो त्याच्या मागे जायचं नाही. मग तो कितीही गोड बोलू दे, किती का स्वस्त सांगू दे. असं बोलावणं बेकायदा आहे आणि तशा सूचना रस्त्यावर लाऊडस्पीकरवरून चालू असतात. आमच्यातला एक जण गेला, तीन बिअर आणि शेंगदाण्याचे ४८,००० येन मागितले. असं झालं तर आत वाद घालत बसू नका, बाहेर येऊन जवळच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत जा.

शिबुयाला गेलात तर हातात कॅन घेऊन फिरू नका, ऑक्टोबर २०२४ पासून स्टेशनच्या आसपास संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर पिण्याला वर्षभर बंदी आहे. क्लबला जायचं तर ओरिजिनल पासपोर्ट लागेल, प्यायचं वय तिथे २० आहे आणि दारात तपासतात. रात्रभर नाचणं हेही तिथे तसं नवीनच, १९४८ च्या कायद्याने रात्री बारा-एकनंतर नाचायला बंदी होती, ती २०१६ मध्ये सुटली.

शेवटची ट्रेन सोडायचीच ठरवली असेल तर एक ते पाच काढायला कराओकेची खोली सगळ्यात बरी, रात्रभराचं पॅकेज असतं, गाणी नाही म्हटली तरी सोफा असतो. त्याआधी रामेन खा, पिऊन झाल्यावरच्या ह्या शेवटच्या खाण्याला शिमे म्हणतात. दारातल्या मशीनमध्ये पैसे टाकून तिकीट काढायचं, काउंटरवर ठेवायचं, सूर्र आवाज करत खायचं, संपलं की लगेच उठायचं. आणि कोणत्याही कोन्बिनीत, म्हणजे सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानात, उकोनच्या छोट्या बाटल्या मिळतात, उकोन म्हणजे हळद. तिथले ऑफिसवाले पिण्याआधी ती घेतात, सकाळी डोकं जड होऊ नये म्हणून. उपयोग होतो की नाही ते मी छातीठोक सांगणार नाही, मला मात्र पोटभर पाणीच जास्त लागू पडलं.

पहाटेची पहिली ट्रेन धरून त्सुकिजीला जा. घाऊक मासळी बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला पण बाहेरचा बाजार जागेवरच आहे, आणि सकाळी तिथे काठीवर खोचलेला गरम अंड्याचा रोल आणि वाटीभर मिसो सूप मिळतं. फक्त रविवारी आणि बऱ्याच बुधवारी तिथली दुकानं बंद असतात, म्हणजे जागायची रात्र शनिवारची किंवा मंगळवारची नको, गुरुवारची ठेवा.