रोमन कायद्यावरची ग्रीक भाष्यं वाचताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी फसगत होते ती काळ ठरवताना. हस्तलिखित अकराव्या शतकातलं, म्हणून टीपही तेव्हाचीच असं धरून चालू नका. 'बॅसिलिका' हा ग्रीक कायदासंग्रह, म्हणजे सहाव्या शतकातल्या सम्राट जस्टिनियनच्या रोमन कायद्याची ग्रीकमधली फेरमांडणी, इसवी सन 900च्या सुमाराला, बायझंटाइन सम्राट सहावा लिओ याच्या काळात झाला. त्याच्या समासात पुढे ज्या टिपा भरल्या गेल्या, त्यांतल्या जुन्या टिपा सहाव्या शतकातल्या प्राध्यापकांच्या: स्टेफानस, थालेलाइअस, डोरोथिअस. त्यांना खेटून अकराव्या-बाराव्या शतकातल्या नव्या टिपा. पान एकच, अंतर पाचशे वर्षांचं!

मग ओळखायचं कसं? टिपेच्या सुरुवातीला कधी नाव असतं, कधी नसतं. संदर्भांवरही डोळे मिटून विसंबू नका. जुन्या प्राध्यापकांनी 'डायजेस्ट'चे (जस्टिनियनने करवून घेतलेला, रोमन कायदेपंडितांच्या उताऱ्यांचा लॅटिन संग्रह) दाखले दिले होते. नंतरच्यांनी बऱ्याच ठिकाणी ते काढून 'बॅसिलिका'चे आकडे घातले. त्यामुळे दाखला नवा दिसला तरी टीप जुनी असू शकते. मजकुरात विद्यार्थ्याची शंका आणि गुरुजींचं उत्तर दिसलं, तर वर्गातल्या व्याख्यानाचा संशय जरूर घ्या.

'जस्टिनियनने भाष्यांवर बंदी घातली, मग ही आली कुठून?' हा प्रश्न हमखास येतो. 533मध्ये डायजेस्ट लागू करताना त्याने भाष्यं लिहायला मनाई केली, हे खरं. पण शब्दशः ग्रीक भाषांतराला मुभा होती, आणि शिकवणं थोडंच थांबणार होतं? कायदा लॅटिनमध्ये, बैरूत आणि कॉन्स्टँटिनोपलमधली मुलं ग्रीक बोलणारी. आधी ग्रीकमध्ये सारांश, मग अवघड जागांचं स्पष्टीकरण, अशी पद्धत होती. आपल्या हाती आलंय ते बरंचसं त्यातलंच.

सगळं जस्टिनियनच्या खात्यावर टाकणं ही दुसरी घाई. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठात सापडलेले आणि 1880मध्ये प्रसिद्ध झालेले पपायरसचे तुकडे पाहा. रोमन कायदेपंडित उल्पियन याने सॅबिनस या आधीच्या कायदेपंडितावर लिहिलेल्या ग्रंथाच्या 35 ते 38 या भागांवरच्या या टिपा. विषय हुंडा आणि पालकत्व. त्यांत 438च्या थिओडोसियन संहितेचे (सम्राटांच्या कायद्यांचा संग्रह) दाखले आहेत, आणि ती संहिता 529मध्ये जस्टिनियनच्या संहितेने मोडीत काढली. म्हणजे टिपा या दोन सालांच्या मधल्या. कुठला भाग वाचायचा, कुठला सोडून द्यायचा, हेसुद्धा त्यांत सांगितलंय. परीक्षेचा धसका तेव्हाही असावा!

शेवटी बॅसिलिकाच्या छापील आवृत्तीचं. हाइमबाखची एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती स्कॅन स्वरूपात सहज मिळते, म्हणून तीच उचलली जाते. उद्धृत करायचं असेल तर 1953 ते 1988 दरम्यान निघालेली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनची आवृत्ती बघा. आणखी एक: बॅसिलिकाच्या 60 भागांपैकी जवळपास दोन-तृतीयांशच हस्तलिखितांत टिकलेत, बाकीचे इतर ग्रंथांतून जुळवलेले. तुमचा उतारा कुठल्या गटातला, हे आधी तपासा. जुळवलेल्या ओळीला 'हस्तलिखितात असं म्हटलंय' असं लिहू नका.