कृपा आणि कर्मे: शास्त्राभ्यासात हा विषय कसा घ्यावा

माणसाचे तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होते की स्वतःच्या कर्मांनी? घरगुती शास्त्राभ्यासात हा विषय घ्यायचा तर दीड तास हाताशी ठेवा आणि उतारे मोजके निवडा. रोमकरांस पत्र अख्खे घ्यायचा मोह टाळा. एका बैठकीत ते आवरत नाही.

सुरुवात इफिसकरांस २:८–१० पासून. बहुतेक जण नवव्या वचनाशी थांबतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. तारण हे देवाचे दान आहे, कर्मांची कमाई नव्हे, म्हणून बढाईला जागा नाही, इथपर्यंत आठवे-नववे वचन. दहावे लगेच सांगते की ख्रिस्तात आपल्याला निर्माण केले ते सत्कर्मांसाठीच. तिन्ही वचने सलग वाचून घ्या, मग विचारा: सत्कर्मे तारणाच्या आधी येतात की नंतर? उत्तर मजकुरातून निघू द्या, तुम्ही सांगू नका.

मग याकोब २:१४–२६. माणूस नुसत्या विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरत नाही, हे चोविसावे वचन ऐकताच कोणीतरी रोमकरांस ३:२८ काढणारच: तिथे माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. काढू द्या. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर यालाही याकोब पचला नव्हता. नव्या कराराच्या आपल्या जर्मन भाषांतराच्या १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने या पत्राची गणना चक्क गवताकाडीत केली!

इथे घाई नको, निदान अर्धा तास द्या. फळ्यावर अब्राहामाचा क्रम मांडा: उत्पत्ती १५:६ मध्ये तो विश्वास ठेवतो आणि नीतिमान गणला जातो, १७ व्या अध्यायात सुंता, २२ व्यात इसहाकाचे अर्पण. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल १५ वा अध्याय धरतो आणि सुंता नंतरची आहे यावर बोट ठेवतो (रोमकरांस ४:१०). याकोब २२ वा धरतो आणि १५:६ चे वचन तिथे पूर्ण झाले म्हणतो. दोघांसमोरची माणसेही वेगळी. पौलाचा वाद नियमशास्त्र पाळून नीतिमान ठरू पाहणाऱ्यांशी आहे. याकोबासमोर आहे तो उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा’ म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारा.

सर्वांत चिवट चूक म्हणजे ‘अर्धे देवाचे, अर्धे आपले’ हा हिशेब. समजूतदार वाटतो, म्हणूनच टिकतो. त्यावर फिलिप्पैकरांस २:१२–१३ वाचा: तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देवच. ‘मग वाटेल तसे वागायला मोकळे का?’ असे कोणी विचारले तर रोमकरांस ६:१–२ पुरे. पौलाने तोच प्रश्न स्वतः घेतला आहे.

आपल्याकडे ‘जसे कर्म तसे फळ’ अंगात मुरलेले असते. उपास, दशांश, रविवारची उपासना सगळे नकळत पुण्याच्या खात्यात जमा होते. वाद घालू नका, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला वाचा (मत्तय २०:१–१६). दिवस मावळायला तासभर उरलेला असताना आलेल्यालाही पूर्ण मजुरी मिळते. ‘हा अन्याय आहे’ असे कोणी म्हणाले तर लगेच समजूत काढू नका. दाखल्यातले मजूरही तेच म्हणतात.

गटात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही असतील तर ‘कॅथलिक कर्मांनी तारण मानतात’ हे वाक्य येऊ देऊ नका. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट धर्मसभेच्या १५४७ मधल्या निर्णयाचा पहिलाच नियम कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येते हे मत नाकारतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. सगळे मतभेद त्यात मिटलेले नाहीत. कृपेत केलेल्या सत्कर्मांना देवापुढे पुण्य म्हणून मोल आहे का, हा त्यांतला एक. त्याला वेगळी बैठक ठेवा, आणि जमल्यास पाळक व फादर दोघांनाही बोलवा.