वॉर्ड ऑफिसकडे रस्ता, ड्रेनेज, पदपथाचं काम मागताय? या चुका टाळा

पुण्यात जुलै लागला की सोसायट्यांच्या लेटरहेडवर पत्रं निघतात. ‘आमच्या रस्त्याची दुरवस्था झाली आहे, तरी त्वरित लक्ष घालावे.’ खाली सगळ्या सभासदांच्या सह्या. पत्राला आवक क्रमांक मिळतो, शिक्का बसतो, आणि पुढच्या जुलैत तेच पत्र तारीख बदलून पुन्हा जातं. लोक चिकाटीत कमी पडतात असं मला वाटत नाही. महापालिकेत काम पुढे सरकायचं तर हद्द, लेखाशीर्ष (अंदाजपत्रकात पैसे ज्या नावाखाली ठेवतात ते सदर) आणि वेळ या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पत्रात त्यांचा पत्ताच नसेल, तर मनापासून काम करणारा कनिष्ठ अभियंतासुद्धा त्या कागदाचं काही करू शकत नाही.

रस्ता कोणाचा, हे न पाहताच अर्ज करणं

महापालिकेत साधारणपणे १२ मीटर आणि त्याहून रुंद रस्ते मुख्य पथ विभाग पाहतो, त्याहून अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालय, म्हणजे आपलं वॉर्ड ऑफिस. शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा असतो असंही नाही. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचे रस्ते त्या-त्या बोर्डाकडे आहेत. कात्रज-देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. मेट्रोच्या मार्गाखाली खणलेल्या भागात काम चालू असेपर्यंत महामेट्रोला विचारावं लागतं, आणि हिंजवडी-शिवाजीनगर मार्गावर पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला. सोसायटीचा अंतर्गत रस्ता महापालिकेच्या ताब्यात दिलेला नसेल, तर महापालिका तिथे पैसे घालूच शकत नाही. अर्ज लिहिण्याआधी वॉर्ड ऑफिसमध्ये एवढंच विचारा: हा रस्ता ताब्यात आहे का, रुंदी किती, आणि पाहतं कोण? यात एक सकाळ जाते, पण नंतरचे कित्येक महिने वाचतात.

दुरुस्ती आणि नवं काम एकाच पत्रात घालणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. खड्डा, बंद दिवा, फुटलेलं चेंबरचं झाकण ही देखभालीची कामं. त्यासाठी वर्षभराची तरतूद आधीच झालेली असते. महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’ या तक्रार सेवेवर किंवा १८०० १०३० २२२ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार टाकली की ती त्या खात्याकडे जाते. मात्र नवी पावसाळी लाइन, नवा पदपथ, रुंदीकरण हे तक्रारीतून कधीच होत नाही. त्याला आधी एस्टिमेट लागतं, मग अंदाजपत्रकात तरतूद, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. महापालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्याआधी आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, आणि खात्यांच्या मागण्या त्याच्याही काही महिने आधी गोळा झालेल्या असतात. जुलैत पाणी तुंबल्यावर मागितलेली लाइन त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात नसतेच. ती मागणी पुढच्या अंदाजपत्रकात घालण्याची वेळ पावसाळा सरता सरता येते, आणि नेमकी तेव्हाच सोसायटीची मंडळी गणपतीच्या तयारीत असतात.

नागरिकांना स्वतः कामं सुचवता यावीत म्हणून पुण्याने २००६-०७ पासून सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली. साधारण पाच लाखांपर्यंतचं छोटं काम त्यात सुचवता येतं: बाक, पदपथाचा तुकडा, बसथांब्याची शेड, दिवे. फॉर्म वॉर्ड ऑफिसमध्ये आणि संकेतस्थळावर मिळतो. मुदत दरवर्षी जाहीर होते, बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास. तिथे ‘परिसराचा विकास करावा’ असं लिहिलं तर फॉर्म बाद झालाच समजा. ‘अमुक चौकातल्या औषधाच्या दुकानापासून शाळेच्या फाटकापर्यंत, डाव्या बाजूला, अंदाजे ८० मीटर पदपथ’ असं लिहा. अभियंत्याला जागेवर जाऊन टेप लावता आली, तरच एस्टिमेट होतं. पदपथ मागताना मोकळी चालण्याची रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५० मिलिमीटरच्या आत, हे इंडियन रोड्स काँग्रेसचे निकषही लिहून टाका. नाहीतर मधोमध विजेचा डीपी बॉक्स असलेला, आजी-आजोबांना चढता न येणारा पदपथ मिळतो आणि सगळे पुन्हा रस्त्यावरूनच चालतात.

तरतूद झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. वर्षाच्या मध्यात ‘वर्गीकरण’ होतं, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवले जातात. ज्या कामाचा कोणी पाठपुरावा करत नाही, तिथले पैसे आधी जातात. म्हणून एप्रिलनंतर अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आपलं काम आणि त्याचं लेखाशीर्ष शोधा, तो क्रमांक पत्रावर लिहा आणि टेंडर कधी निघणार ते विचारत राहा. वॉर्ड ऑफिसमधली मोहल्ला कमिटीची, म्हणजे नागरिक आणि अधिकाऱ्यांची बैठक यासाठी चांगली जागा आहे.

पाणी तुंबलं की ‘रस्ता उंच करा’ म्हणणं

हे मागू नका. जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर आणखी एक, असं करत पेठांमधल्या कित्येक वाड्यांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेले आहेत. मागायचं असेल तर जुना थर खरवडून मगच नवा थर टाकावा, असं मागा.

त्याआधी पाणी कुठून येतंय ते बघा. पाऊस नसतानाही चेंबरमधून काळं, वास येणारं पाणी वर येत असेल, तर ती ड्रेनेजची तक्रार, म्हणजे मलवाहिनी तुंबली आहे किंवा कमी पडते आहे. फक्त पावसात आणि तुलनेने स्वच्छ पाणी साचत असेल, तर पावसाळी गटाराची जाळी बंद आहे, उतार चुकला आहे किंवा लाइनच नाही. आणि एरवी ठीक असलेला चेंबर पावसातच उसळत असेल, तर आधी आपल्याच इमारतीकडे पाहा. गच्चीचे पाइप सर्रास ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेले असतात. मलवाहिनी तेवढ्या पाण्यासाठी बांधलेलीच नसते. पाणी खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या घरात शिरतं.

ओढ्याकाठच्या लोकांनी तर पावसाळ्याआधीच ओढा पायी फिरून पाहावा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर भागात माणसं गेली, संसार वाहून गेले. कुठे राडारोडा पडलाय, कुठे कल्व्हर्टचं (रस्त्याखालच्या मोरीचं) तोंड बुजलंय, कुठे भिंत आत सरकली आहे, याचे फोटो एप्रिलमध्ये दिले तर मे महिन्याच्या नालेसफाईत काही होऊ शकतं.

‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला की गप्प बसणं

काम झालं नसेल तर फोटो लावून लगेच तक्रार पुन्हा उघडा. रस्ता नुकताच झाला असेल तर दोषदायित्व कालावधी विचारा. त्या मुदतीत ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘का’ विचारू नका, कागद मागा: वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तकाची प्रत, दोषदायित्वाची तारीख.

आराखड्यातली रेघ म्हणजे रस्ता, असं धरून चालणं

बिल्डर ‘समोरून डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) जाणार’ म्हणतो आणि लोक आयुष्याची पुंजी लावतात. शहरातला एचसीएमटीआर हा वर्तुळाकार रस्ता १९८७ च्या विकास आराखड्यात आखला होता, तो अजून झालेला नाही. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा ठरला होता. जागा ताब्यात येईनात, म्हणून रुंदी ५० मीटरवर आणावी लागली. घर घेताना आराखड्याच्या नकाशासोबत त्या रस्त्याची किती जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे, हेही विचारा.

बागेच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या आरक्षणांकडे, म्हणजे आराखड्यात त्यासाठी राखून ठेवलेल्या जागांकडे, तर आपलं लक्षच नसतं. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण सुटतं. जुन्या हद्दीचा सध्याचा आराखडा राज्य शासनाने २०१७ मध्ये मंजूर केला, म्हणजे ही दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. आपल्या भागातली कोणती आरक्षणं अजून ताब्यात आलेली नाहीत, त्यांची यादी सर्व्हे नंबरसह आत्ताच मागा, आणि येत्या अंदाजपत्रकात त्यातल्या एका तरी जागेच्या भूसंपादनासाठी तरतूद मागणारं पत्र पावसाळा संपायच्या आत द्या.