ओपन क्राउन फेडोरा कशी ओळखावी
कोकणात बोटीवर नोकरी केलेल्या आजोबांच्या जुन्या पेटीतून फेल्टची, म्हणजे लव दाबून केलेल्या जाड कापडाची, फेडोरा (भोवती काठ असलेली पाश्चात्त्य टोपी) निघाली, तर आधी तिचा माथा पाहावा. ओपन क्राउन टोपीचा माथा कारखान्यात दाबलेला नसतो. तो घुमटासारखा गोल आणि उंच असतो, आणि मधली खाच व पुढचे दोन खळगे वापरणारा स्वतः वाफेवर हाताने पाडतो, म्हणूनच अशी टोपी अधिक आपली वाटते. मात्र खाच असलेली प्रत्येक टोपी कारखान्यातूनच तशी आली, असे मानू नये. सशाच्या किंवा बीव्हर या केसाळ प्राण्याच्या लवीचा चांगला फेल्ट बोटांना घट्ट, तरीही मऊ लागतो. आतल्या चामड्याच्या पट्टीवर अनेकदा बनवणाऱ्याचे नाव असते. इटलीतील बोर्सालिनो ही कंपनी १८५७ पासूनची, अमेरिकेतील स्टेटसन १८६५ पासूनची. आपल्या दमट पावसाळ्यात बुरशी याच पट्टीला लवकर धरते, तेव्हा ती बाहेर उलटून सावलीत वाळवावी आणि टोपी काठावर न टेकवता माथ्यावर उलटी ठेवावी.