मुलांच्या आवडीचं गाणं वर्गात कसं बसवावं

गॅदरिंग जवळ आलं की शाळेत दिवसभर गाणी वाजतात. पण वाजतो स्पीकर. मुलं पेनड्राइव्हवरच्या गाण्यावर नाचतात आणि ज्या हार्मोनियमवर ते गाणं वाजू शकलं असतं ती कपाटात कुलपात असते. प्रार्थनेला आणि पाहुण्यांच्या स्वागतगीताला तेवढी बाहेर येते. गणपतीत याच मुलांपैकी कुणाचा तरी दादा बेंजो पार्टीत ढोलकी वाजवतो, कुणाचा ताशा असतो, कुणी मोहल्ल्यातल्या कव्वालीला टाळ्या धरतं. ते सगळं गेटबाहेर राहतं.

ते आत आणायला संगीत विशारद असावं लागत नाही. एक ढोलकी, एक हार्मोनियम किंवा छोटा कीबोर्ड, एक मोबाइल आणि आठवड्याला दोन तासिका मिळाल्या तर सहा-सात आठवड्यांत पाचवी ते आठवीची मुलं एक अख्खं गाणं स्वतः वाजवून गातात. वस्तीतल्या अभ्यासिकेत, मंडळाच्या खोलीत किंवा परदेशातल्या मराठी शाळेतही हेच चालतं.

आधी मुलांना विचारा

पहिल्या तासिकेला वाद्यं काढूच नका. पाच-सहा जणांचे गट करा आणि ज्यांचं एकमेकांशी जमतं त्यांना एका गटात राहू द्या. मग विचारा, कुठलं गाणं वाजवायचं?

इथेच शिक्षक कचरतात. आपल्याकडे शालेय संगीत म्हणजे सरगम, अलंकार, भूप राग आणि देशभक्तिपर गीत. ही परंपरा मोठी आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि सामान्य घरातल्या मुलामुलींना रागसंगीत शिकण्याचं दार उघडलं. पण लोकप्रिय गाणं म्हणजे हलकं, असा एक समजही आपल्यात मुरला. 1952 नंतर नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास गेलीच. लोकांनी चित्रपटगीतं वाजवणारा श्रीलंकेचा रेडिओ सिलोन लावला. अखेर 1957 च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला गाण्यांसाठी विविध भारती सुरू करावी लागली. मुलंही तेच करतात. वर्गात त्यांचं गाणं नसेल तर ती वर्गाबाहेर ते ऐकतात, आणि संगीताची तासिका त्यांच्या लेखी प्रार्थनेपुरती उरते.

तेव्हा यादी मोकळेपणाने होऊ द्या. सिनेमातलं धांगडधिंग्याचं गाणं येईल, कोळीगीत येईल, रॅप येईल, भीमगीत येईल, विठ्ठलाचं गाणं येईल. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात विठ्ठलही घराघरांत पोचला आणि भीमगीतंही, आणि पुढच्या पिढ्यांनी घरातलं गाणं चालू ठेवलं. ज्या वस्तीत शाळा आहे तिथे जे वाजतं ते सगळं यादीत बसतं.

अट एकच ठेवा: वर्गातल्या कुणालाही खाली मान घालावी लागेल असे शब्द नकोत. जातीची फुशारकी, मुलींवरची शेरेबाजी, दुहेरी अर्थ. असं गाणं आलं तर नुसतं ‘हे नाही’ म्हणू नका. शब्द फळ्यावर लिहा आणि मुलांनाच वाचायला लावा. बहुतेक वेळा ती स्वतःच दुसरं गाणं सुचवतात. चाल फारच आवडली असेल तर चाल ठेवा, शब्द नवे करा.

ऐकणं: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

लंडनच्या संगीतशिक्षणतज्ज्ञ ल्युसी ग्रीन यांनी 15 ते 50 वर्षं वयाच्या 14 लोकप्रिय संगीत वाजवणाऱ्यांना विचारलं, तुम्ही शिकलात कसे? उत्तर असं आलं की रेकॉर्ड लावायची, ऐकायचं, वाजवून बघायचं, मित्रांबरोबर चुकत चुकत जमवायचं. मग त्यांनी हीच रीत इंग्लंडमधल्या शाळांत आणली. आपल्या गल्लीतला बेंजोवाला याहून वेगळं काय करतो? जपानच्या ताइशोगोतोवरून आपल्याकडे आलेलं हे बटणांचं तंतुवाद्य त्याने नोटेशन वाचून शिकलेलं नसतं. तो गाणं कानाने उचलतो.

म्हणून दोन तासिका नुसत्या ऐकण्याच्या. गाणं तेच, पण दर वेळी कान वेगळ्या जागी लावायचा. पहिल्यांदा फक्त ढोलकी किंवा ड्रम. दुसऱ्यांदा सगळ्यांत खालचा, छातीत घुमणारा आवाज. तिसऱ्यांदा दोन ओळींच्या मधले म्युझिकचे तुकडे. चौथ्यांदा श्वास, म्हणजे गायक कुठे थांबतो. यूट्यूबवर वेग 0.75 केला तर पट्टी, म्हणजे स्वरांची उंची, न बदलता गाणं संथ होतं. अवघड जागेला तेच करा.

मग प्रत्येक गटाने कागदावर गाण्याचा नकाशा काढायचा. सुरुवातीचं म्युझिक, मुखडा (परत परत येणारी ओळ), पीस (मधलं म्युझिक), अंतरा (कडवं), परत मुखडा. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे तेही हा नकाशा हौसेने काढतात, रंग भरतात. तो भिंतीवर लावून ठेवा. पुढे तालमीत कुणी वाट चुकलं की बोट दाखवून परत आणता येतं.

ठेका अंगात भिनवा

वाद्याला हात लावण्याआधी मुलांना गाण्यावर चालायला सांगा. पावलं एक-दोन-तीन-चार अशी सहज पडली तर बहुधा केरवा ताल, आठ मात्रा म्हणजे ठोके: धा गे ना ती, न क धीं ना. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा झोका आला तर दादरा, सहा मात्रा: धा धी ना, धा ती ना. पुष्कळ कोळीगीतं या सहाच्या झोक्यावर होडीसारखी हलतात, आणि मुलांना ते न सांगता कळतं.

आता बाकावर वाजवा. मध्ये तळवा मारला की ‘धप’, कडेला बोटं मारली की ‘टक’. केरव्यासाठी पहिल्या आणि पाचव्या मात्रेला धप, तिसऱ्या आणि सातव्याला टक. एवढं अख्खा वर्ग न धावता दोन मिनिटं वाजवू शकला की निम्मं काम झालं. मुलांची लय मंदावण्यापेक्षा धावते जास्त. तेव्हा आवाज चढवून ‘हळू’ ओरडण्याऐवजी सगळ्यांना एकदम हळू आवाजात वाजवायला लावा. एकमेकांचं ऐकू आलं की लय आपोआप बसते.

पट्टी ठरवा

शाळेतली गाणी बेसूर होण्याचं सगळ्यांत मोठं कारण मला हेच दिसलं आहे. मूळ गाणं मोठ्या माणसाच्या पट्टीत असतं आणि मुलं एक तर किंचाळतात नाहीतर पुटपुटतात. आपण म्हणतो, यांना गळाच नाही.

गाण्यातली सगळ्यांत वरची जागा शोधा, ती बहुतेक अंतऱ्यात सापडते. पाच-सहा मुलांकडून तेवढीच ओळ गाऊन घ्या. माना ताणल्या, भुवया वर गेल्या की सा एक पट्टी खाली आणा. मग मुखड्यातली सगळ्यांत खालची जागा तपासा. पाचवी ते सातवीच्या मुलांना साधारण मधल्या पांढरी एकपासून (कीबोर्डवरचा C) वरच्या पांढरी दोनपर्यंत (D) आरामात गाता येतं. ठरलेली पट्टी नकाशावर मोठ्या अक्षरात लिहा.

आठवीच्या आसपास मुलांचे आवाज फुटतात. कालपर्यंत गाणारा मुलगा अचानक गप्प होतो, कारण हसतात. त्याला कोपऱ्यात बोलावून सांगा की हे सगळ्यांचं होतं, आणि त्याला तोच मुखडा खालच्या सप्तकात गायला द्या. ‘तू फक्त ओठ हलव’ हे वाक्य कुठल्याही मुलाला म्हणू नका. चाळिशीतली माणसं मला भेटली आहेत, ज्यांनी असं एक वाक्य ऐकल्यावर पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

कानाने चाल उचला

एका हार्मोनियमवर दोन मुलं बसवा. एक भाता मारेल, दुसरं स्वर शोधेल, पाच मिनिटांनी अदलाबदल. आधी सा सापडू द्या. मुखडा ज्या स्वरावर येऊन विसावतो तो बहुतेक सा असतो. तो दाबून ठेवून सगळ्यांनी गुणगुणायचं. मग एकेक शब्दाचा स्वर शोधायचा.

इथे तुमची खरी परीक्षा आहे. मुलं चुकीचा स्वर दाबतील, पुन्हा दाबतील, आणि तुमचा हात शिवशिवेल. पण दोन तासिका काहीही सांगू नका. गटागटांतून फिरा, बघा, विचारलं तरच बोला. कलकलाट होईल, शेजारच्या वर्गाची तक्रार येईल, म्हणून मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या आणि जमलं तर शेवटची तासिका मागून घ्या. तिसऱ्या तासिकेला एखादा गट धावत येऊन सांगतो, ‘सर, सापडलं!’ तो स्वर ती मुलं विसरत नाहीत.

मात्र गप्प राहणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. दोन तासिकांनंतरही अडलेल्या गटाजवळ बसा, अवघड तुकडा स्वतः दोनदा वाजवून दाखवा आणि उठा. भाषण नको.

प्रत्येकाला झेपेल असं काम

मूळ गाण्यात चाळीस व्हायोलिन असोत, आपल्याला ते सगळं नको. ज्याला चाल जमते तो चाल वाजवेल. ज्याला जमत नाही तो पहिल्या मात्रेला नुसता सा किंवा प धरेल, आणि त्यानेही गाणं भरतं. थोडं पुढे गेलेल्यांना तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तीन-तीन स्वर, द्या: सा-ग-प, म-ध-सा, प-नी-रे. चालीचा ग कोमल असेल तर पहिल्या कॉर्डमध्येही कोमल घ्या. कुठे कुठली बसते ते कानानेच ठरवू द्या. युकुलेले (चार तारांची छोटी गिटार) असतील तर पट्टी पांढरी एक किंवा पांढरी पाच (G) ठेवा, बोटं सोपी पडतात. पांढरी एकची कॉर्ड तर जमिनीकडच्या तारेवर तिसऱ्या घरात एक बोट ठेवलं की लागते.

ढोलकीची शाईची बाजू गाण्याच्या सा मध्ये चढवून घ्या. हे न केल्याने सुरेल मुलंही बेसूर वाटतात. कातड्याची हलगी असेल तर वाजवण्याआधी तापवावी लागते. पावसाळी दिवसांत हे दोनदा करावं लागेल, आणि ते मोठ्या माणसाने करायचं.

हलगीबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या काही जातींवर लादलेलं काम म्हणून वाजवलं गेलं. आजही एखाद्या मुलाच्या हातात हलगी दिली की मागून कुजबूज होते. म्हणून ‘तुझ्या घरी वाजवतात ना, तूच घे’ असं कधी म्हणू नका. त्याला कीबोर्ड हवा असू शकतो. हलगी सगळ्यांच्या हातात फिरवा, मुलींच्याही. गावातला उत्तम हलगीवादक शिकवायला बोलावा, त्यांना खुर्ची द्या, सर म्हणा आणि बाहेरच्या कुठल्याही पाहुण्या शिक्षकाला दिलं असतं तेवढंच मानधन द्या. मुलं हे सगळं बघत असतात.

वस्तीतले इतरही येऊ शकतात: भजनी मंडळाचे बुवा, बेंजो पार्टीतली पोरं, ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारे. त्यांना व्याख्यान द्यायला लावू नका. मुलांच्या गाण्यात बसून वाजवायला सांगा. चांगला ढोलकीवाला मुलांबरोबर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, वाजवतो तेव्हा लय म्हणजे काय ते सगळ्यांच्या मांड्यांना कळतं.

एकत्र बसवणं

सगळं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत रोज वाजवू नका. जोड कच्चे असतात. मुखडा संपून पीस सुरू होतो तिथले चार आवर्तन फक्त दहा वेळा करा. तालमीच्या शेवटी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकवा. ‘कोण चुकलं’ विचारू नका. ‘काय ऐकू येत नाहीये’ विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, शब्द. मग ढोलकीवालाच स्वतःहून हात हलका करतो.

गाणं बसलं की एक अंतरा मुलांचा करा. चाल तीच, ओळी त्यांच्या. मात्रेत न बसणारा शब्द बदलताना जे व्याकरण, जे यमक ती घासतात, ते मराठीच्या तासाला जमवणं अवघड आहे.

कार्यक्रम आणि त्यानंतर

शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी पालकांसमोर गाणं सादर करायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात मोकळीक आहे. तिकीट लावून बाहेरच्यांसाठी केलेला कार्यक्रम किंवा इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओ यांना ती गृहीत धरू नका.

मंचावर माइक गाणाऱ्यांपुढे आणि हार्मोनियमपुढे ठेवा. ढोलकीला छोट्या हॉलमध्ये माइक लागत नाही. मागे ट्रॅक अजिबात लावू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. गाणं मध्ये थांबलं तर थांबू द्या, सा धरा, पुन्हा मुखड्यावर या.

कार्यक्रमाच्या पुढच्या आठवड्यात याच मुलांना पाचवीच्या दुसऱ्या वर्गात पाठवा. हार्मोनियम, ढोलकी आणि भिंतीवरचा नकाशा बरोबर द्या. तुम्ही मागच्या बाकावर बसा, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या: कुठलं गाणं वाजवायचं?